बोलेरोमागची ट्रॉली घेऊन चिखलदऱ्याचा घाट: वापरून लिहितोय

आधीच सांगून टाकतो, ट्रॉली चांगली आहे, पैसे वसूल आहेत, पण वर्कशॉपमधून जशी येते तशीच्या तशी घाटात नेऊ नका. दोन-तीन गोष्टी बदलून घ्या आणि मग खुशाल चिखलदरा करा. सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडे ट्रॉली म्हटलं की ट्रॅक्टरचीच, जीपमागं लावून घरच्यांना घेऊन फिरायला कोणी निघत नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न पडतो, आणि ज्याला विचारावं तो सांगतो काही होत नाही भाऊ, चालते. सपाटीवर चालतेच. घाटाचा हिशोब वेगळा आहे.

वस्तू काय आहे ते सांगतो. एका अ‍ॅक्सलची, दोन चाकांची छोटी ट्रॉली, आमच्याच भागातल्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतली. खाली चॅनलची चेसी, दोन्हीकडून कमानीचे पाटे, चाकं कारची 13 इंची, वरून ताडपत्री टाकायला पाइपाची फ्रेम. समोर लांब दांडा आणि त्याला बॉलचा हूक. आमचं गाव चांदूर बाजारकडे, घरी संत्रा आहे, त्यामुळे वर्षभर ती कॅरेट आणि फवारणीचं पाणी वाहते आणि सवड मिळाली की तंबू, गाद्या, गॅसची शेगडी, भांडी असं सगळं घेऊन डोंगरात जाते. घरचे सगळे बसले की बोलेरोत सामानाला जागाच राहत नाही, आणि सगळं टपावर बांधलं की वळणावर गाडी झुकते, म्हणून ट्रॉली.

बांधकामाला पूर्ण मार्क. वेल्डिंग पक्कं आहे, कुठं तडा नाही, दांड्याच्या जोडाला वरून पट्ट्या मारून दिल्यात आणि दोन सेफ्टी चेन आहेत. या चेन दांड्याखालून एकमेकींवर क्रॉस करून लावायच्या, म्हणजे हूक निसटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता चेनवर तोलला जातो. मिस्त्रीनं हे स्वतःहून दाखवलं, आपल्याला विचारायचं कामच पडलं नाही. माणूस कामाचा आहे.

आता खरी गोष्ट, वजन. पाण्याच्या 100 लिटरच्या टाकीचं स्टँड त्यानं एकदम मागच्या टोकाला दिलेलं होतं. कारण असं की घेणारे सगळे शेतकरी, फवारणीच्या पंपाला पाणी मागूनच घ्यायचं असतं, नळ मागं असला की सोपं. शेतात बरोबरच आहे ते. पण डांबरी रोडवर 50 च्या वर गेलं की ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे-उजवीकडे डोलायला लागायचं, आणि उतारावर ते डोलणं वाढतच जातं कारण मागचं वजन पुढच्याला ढकलत असतं. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगनं झटकेही द्यायचे नाहीत, अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी हळूहळू कमी होऊ द्यायची.

याचं कारण आम्ही काट्यावरच काढलं. भरलेली ट्रॉली धर्मकाट्यावर नेली, 600 किलो भरली. मग सोयाबीनची पोती मोजायचा जो चपटा काटा घरी असतो तो सपाट जागेवर ठेवला, त्याच्यावर हूकाच्या उंचीएवढा लाकडी ओंडका उभा केला आणि दांडा त्याच्यावर टेकवला. चाकांना दोन्हीकडून दगड लावून. काटा 28 किलो दाखवत होता. म्हणजे एकूण वजनाच्या 5 टक्केही हूकावर येत नव्हतं. नियम असा आहे की एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के वजन हूकावर यायला पाहिजे, त्याहून कमी झालं की ट्रॉली डोलते आणि फार जास्त झालं की गाडीचं मागचं बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट पकड घेत नाही.

मिस्त्रीकडे परत नेली. तो म्हणाला, "वजन समोर पाह्यजे भाऊ, थे टाकी मी समोर घेऊन देतो, त्यात काय." स्टँड कापून अ‍ॅक्सलच्या पुढं वेल्ड करून दिलं, नळाला लांब पाइप जोडला, पैसे घेतले नाहीत. पुन्हा काट्यावर ठेवलं तर 77 किलो. आणि यातला फायदा असा की पाणी सगळं संपलं तरी 500 किलोला 60 येतात, म्हणजे भरलेली असो की रिकामी, हिशोब 12-13 टक्क्यांतच राहतो. टाकी मागं असताना उलटं होतं, पाणी भरलं की ट्रॉली बिघडायची. ज्यांना फक्त शेतासाठी पाहिजे त्यांनी मागंच ठेवा, पण रोडवर न्यायची असेल तर ऑर्डर देतानाच स्टँड पुढं सांगा. गाडी किती वजन ओढू शकते आणि हूकावर किती चालतं ते गाडीसोबत आलेल्या पुस्तकात बघून घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका.

ब्रेक. साधी ट्रॉली बिनब्रेकची येते. मी धक्क्याचा ब्रेक लावून घेतला, थोडे पैसे जास्त लागतात पण घाटात जायचं असेल तर याच्यावर काटकसर करूच नका. त्याचं काम असं चालतं की गाडी हळू झाली की ट्रॉली पुढं ढकलते, त्या ढकलण्यानं हूकामागचा दांडा आत सरकतो, तो केबल ओढतो आणि ट्रॉलीच्या चाकातले लायनर घट्ट होतात. वायर नको, बटण नको. चढताना त्याचं काहीच काम नाही. उतरताना मात्र एक लक्षात ठेवा, तुम्ही इंजिनच्या जोरावर उतरत असलात तरी ट्रॉली मागून ढकलतेच, म्हणजे तिचा ब्रेक सगळा उतारभर थोडा थोडा लागलेलाच असतो आणि ड्रम तापत राहतो. म्हणून मध्ये थांबायचं. आम्ही उतरताना रुंद जागा पाहून बाजूला घेतो, पुतण्या उतरून दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेतो. कोमट असलं तर ठीक. हात जवळ नेववत नसेल तर थांबा, चहा घ्या, पाणी मारू नका, तापलेल्या ड्रमवर गार पाणी मारलं की त्याला तडा जातो. आणि एकच चाक तापत असेल दुसरं गार असेल तर एक तर केबल सारखी सेट झालेली नाही किंवा त्या चाकाची बेअरिंग गेली, ते वर्कशॉपमध्ये दाखवायचं, तसंच दामटायचं नाही.

परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत 700 मीटरच्या वर चढ आहे, चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास उंच. बोलेरोचं 75 हॉर्सपॉवरचं इंजिन, टर्बो असल्यानं उंचीचा फारसा फरक पडत नाही, पण मागं 600 किलो असले की दुसऱ्या गिअरवरून वर जायचं मनातच आणू नका. उतरताना पण तोच गिअर. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल तर अजिबात नाही, डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारे लोक पाहिले की अंगावर काटा येतो. मायलेज पडतंच, त्यामुळे टाकी परतवाड्यातच फुल करा, ट्रॉलीच्या टायरची हवा आणि स्टेपनीची हवा पण तिथंच बघा, आणि नट पुन्हा एकदा पान्यानं आवळून घ्या, नवीन चाकांचे नट पहिल्या काही किलोमीटरमध्ये ढिले होतात.

रस्ता कुठला घ्यायचा यावर लोकांचे वाद आहेत. एक धामणगाव गढीवरून वर जातो, दुसरा परतवाडा-धारणी रोडनं घटांगपर्यंत जाऊन मग चिखलदऱ्याकडे वळतो. मी जाताना धामणगाव गढीचा घेतो. कुठलाही घेतला तरी वळणावर ट्रॉलीची चाकं गाडीच्या चाकांच्या आतून जातात हे डोक्यात ठेवा, म्हणजे गाडी वळली पण ट्रॉलीचं आतलं चाक कठड्यावर किंवा नालीत जाऊ शकतं. म्हणून वळण थोडं मोठं घ्यायचं, आधी हॉर्न द्यायचा, समोरून एसटी येताना दिसली तर वळणाच्या अलीकडेच थांबायचं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट हा नियम आहे, पण आपल्यामागं ट्रॉली आहे हे समोरच्याला दिसतच नाही, त्यामुळे नियमावर अडून बसण्यात अर्थ नाही.

रिव्हर्सची मात्र तक्रार आहे. धक्क्याच्या ब्रेकमुळे मागं घेताना पण दांडा आत सरकतो आणि ब्रेक लागतो, ट्रॉली हलतच नाही. त्यासाठी दांड्यावर एक लॉक आहे, ते खाली उतरून टाकायचं, मागं घ्यायचं आणि पुन्हा उतरून काढायचं. लॉक लागलेलं राहिलं तर ट्रॉलीला ब्रेकच नाही. घाटात मागं चार गाड्या उभ्या, हॉर्न चाललेत, पाऊस चाललाय अशा वेळी हे ध्यानात ठेवायला एक माणूस वेगळा पाहिजे, आमच्याकडे ते काम पुतण्याचं. मिस्त्रीनं लॉकला निदान लाल पट्टा किंवा असं काही लावायला पाहिजे होतं जे ड्रायव्हरला आरशात दिसेल. रिव्हर्सची सवय शेतातच करून घ्या, स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरायचा आणि ट्रॉली ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला तो हात न्यायचा, मग डोक्यात गोंधळ होत नाही.

लाइटचं काम कच्चं आहे, इथं मार्क कापले. मागं ब्रेक लाइट, इंडिकेटर सगळं दिलंय पण अर्थिंग हूकामधूनच घेतलेलं. हूकाला ग्रीस असते, त्यात धूळ बसते, खड्ड्यात आपटलं की संपर्क तुटतो आणि लाइट लागत-विझत राहतात, इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट मिणमिणतो. गावातल्या वायरमननं अर्थची वेगळी वायर प्लगपर्यंत ओढून दिली, तेव्हापासून एकदाही त्रास नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुकं असं उतरतं की पुढची गाडी तिच्या लाल दिव्यामुळेच कळते, तिथं हे लाइट नसले तर मागच्यानं येऊन ठोकायचीच बाकी. रिफ्लेक्टरची पट्टी मागं आणि दोन्ही बाजूंनी आपणच लावून घ्या.

आता प्लॅनबद्दल, कारण ट्रॉली चांगली असून प्लॅन चुकला तर मजा जाते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ट्रॉली घेऊन जाऊच नका राजेहो. अख्खी अमरावती-अकोला वर आलेली असते, जाम लागतो, कधी कधी पोलीस घाट एकेरी करतात. मधल्या वारी सकाळी लवकर निघा. आणि ट्रॉली चिखलदऱ्याच्या पॉइंटवर ओढत न्यायची नाही. आम्ही चिखलदऱ्याच्या अलीकडच्या मोथा गावात ओळखीच्या अंगणात ती सोडतो, चाकांना लाकडी गुटके, दांड्याखाली टेकू, हूकाला कुलूप, आणि मग मोकळी बोलेरो घेऊन भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, गाविलगड करतो. गाविलगडाला वेळ राखून जा, 1803 मध्ये वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं घेतला तो हाच किल्ला, तटबंदीवरून चालायलाच अर्धा दिवस जातो. मोथ्यात गवळ्यांची घरं, खवा तिथलाच घ्या. लहान मुलांना कॉफीची झाडं दाखवा, महाराष्ट्रात कॉफी होते हे त्यांना खरं वाटत नाही.

पुढं सेमाडोह, कोलकास, हरिसालकडे जाणार असाल तर तो सगळा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. रस्त्यात मन मानेल तिथं थांबून ट्रॉली उघडून स्वयंपाक मांडता येत नाही, राखीव जंगलात चूल पेटवायची नाही, आणि तंबू तर नाहीच. सेमाडोह-कोलकासला वन विभागाची राहायची सोय आहे, आधी बुकिंग करून जा. आमच्या हिला रोडगे गोवऱ्यांवरच पाहिजे असतात, पण ते घरी शेतात, जंगलात गॅसच्या शेगडीवर पिठलं-भाकर, त्याची चव पण काही कमी नसते.

ताडपत्रीच्या फ्रेमला समोरून उतार कमी आहे. पाऊस लागला की मध्ये पाणी साचून पोटासारखी फुगते आणि शिवणीतून गाद्यांवर टपकते. मधला पाइप चार बोटं उंच करून घेतला, आता पाणी वाहून जातं. रिकाम्या ट्रॉलीचे पाटे फार कडक आहेत, उसळते, एक पाटा काढून पाहायचा विचार आहे पण कॅरेट भरायचे म्हटले की तो लागतो.

कागदांचं शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच धरलंय, म्हणजे त्याची वेगळी नोंदणी आणि मागं नंबर लागतो. मिस्त्रीनं सुरुवातीला कागदाचं नंतर पाहू म्हणून टोलवलं, मी अर्धे पैसे कागद हातात येईपर्यंत दिले नाहीत. बराच वेळ गेला, फेऱ्या झाल्या, पण कागद आले आणि इन्शुरन्सही झाला. तुम्ही पण पैसे तसेच अडवून ठेवा, आणि बोलणी करतानाच चार गोष्टी पावतीवर लिहून घ्या: टाकीचं स्टँड पुढं, धक्क्याचा ब्रेक, अर्थची वेगळी वायर आणि नोंदणीचे कागद.