‘डायनॅमिक साइट गूगलला दिसत नाही’ असं सांगणाऱ्यांपासून जपून

डेटाबेसवर चालणारी साइट असेल तर असा फोन तुम्हालाही येईल, किंवा येऊनही गेला असेल. तुमच्या पानांच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आहे, आयडी आहे, म्हणजे साइट डायनॅमिक आहे, आणि डायनॅमिक साइट गूगलला वाचता येत नाही, असं समोरचा ठासून सांगतो. मग ‘स्टॅटिक कन्व्हर्जन’ (पानं आधीच तयार फाइलींत बदलून ठेवणं) नावाची सेवा पुढे येते. आमचा यंत्रांच्या सुट्या भागांचा कॅटलॉग आहे. भाग हजारो, आणि प्रत्येकाचं पान कुणी मागितलं की डेटाबेसमधून त्याच क्षणी तयार होतं. आमच्या गळ्यात ही सेवा मारली गेली आणि करार संपेपर्यंत आमची स्वतःची पानं गूगलमधून जवळजवळ गायब झाली होती. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण हाच उद्योग करणारे पुष्कळ आहेत. त्यांची पद्धत ओळखता आली पाहिजे.

ही थाप पचते ती तिच्यातल्या अर्ध्या सत्यामुळे. एके काळी सर्च इंजिनं प्रश्नचिन्हाच्या पत्त्यांना खरंच बिचकायची. साइट प्रत्येक भेटीला नवा सेशन आयडी (त्या भेटीचा ओळख क्रमांक) पत्त्याला चिकटवायची, बॉटच्या, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रॅमच्या भेटीलाही. त्यामुळे तेच पान त्याला दर वेळी नव्या पत्त्यावर भेटायचं आणि तो तिथेच गरगरत राहायचा. पण २००८ मध्ये गूगलनेच जाहीर केलं की डायनॅमिक पत्ते आम्ही वाचतो, ते स्टॅटिक दिसावेत म्हणून बदलू नका, बदलताना गडबड झाली तर उलट नुकसान होईल. जावास्क्रिप्टचीही तीच गोष्ट. एजॅक्सवाल्या, म्हणजे पान पुन्हा न उघडता जावास्क्रिप्टने मजकूर भरणाऱ्या साइट्ससाठी २००९ मध्ये गूगलने वेगळी पद्धत सुचवली, २०१५ मध्ये ती मोडीत काढली, आणि २०१९ पासून गूगलबॉट ताज्या क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरचा गाभा) पान चालवून बघतो. एजन्सीच्या सादरीकरणातला इतिहास २००८ च्या अलीकडे आलाच नाही.

आमच्या साइटला दुखणी होती, नाही असं नाही. सेशन आयडी पत्त्यात होता. बहुतेक भागांपर्यंत फक्त शोधपेटीतूनच पोचता यायचं, आणि बॉट शोधपेटीत शब्द टाइप करेल या भरवशावर कुणी राहू नये. त्याला साधी लिंक लागते. किंमत, मॉडेल, कंपनी असे फिल्टर लावले की एकाच यादीचे असंख्य पत्ते तयार व्हायचे. नसलेल्या भागाचं पानही ‘सापडलं नाही’ असं लिहून वर सगळं ठीक असल्याचा २०० कोड पाठवायचं. यावरचे इलाज कोणत्याही बऱ्या डेव्हलपरला माहीत असतात: सेशन आयडी कुकीत (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या नोंदीत) हलवायचा, वर्गवार याद्यांची साधी लिंक असलेली पानं करायची, प्रत्येक भागाचा एक मुख्य पत्ता ठरवून कॅनॉनिकल टॅग (अस्सल पत्ता कोणता ते गूगलला सांगणारी ओळ) लावायचा, नसलेल्या पानाला ‘पान नाही’ असं सांगणारा ४०४ कोड द्यायचा, आणि डेटाबेसमधूनच साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, काढायचा (एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते, ५० एमबीपर्यंत). एजन्सीने यातलं एकही काम केलं नाही.

त्यांनी काय केलं ते बघा. आमच्या डोमेनखाली एक सबडोमेन (डोमेनच्या नावाआधी शब्द जोडून केलेला पोटपत्ता) काढायला लावला आणि डीएनएसमधून (कोणतं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं त्याची नोंद) तो त्यांच्या सर्व्हरकडे वळवून घेतला. कारण सांगितलं ‘वेग’. डेटाबेसचा एक्सपोर्ट घेऊन तिथे हजारो एचटीएमएल पानं ओतली. आमच्या मूळ साइटवर त्यांचं प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) बसलं, आणि त्या प्लगिनने प्रत्येक पानाच्या हेडमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या वरच्या भागात, एक ओळ घातली: कॅनॉनिकल टॅग, पण पत्ता सबडोमेनवरच्या नकलेचा. म्हणजे आमच्या घरातलं प्रत्येक पान गूगलला सांगत होतं की मी नक्कल आहे, अस्सल पान त्या तिकडे आहे. गूगल अशा टॅगला हुकूम मानत नाही, पण वजन देतो. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) आमची पानं हळूहळू ‘योग्य कॅनॉनिकल टॅग असलेलं पर्यायी पान’ या कारणाखाली इंडेक्सबाहेर, म्हणजे गूगलच्या शोधसूचीबाहेर, जमा होत गेली.

रिपोर्टमध्ये मात्र दर महिन्याला आनंदीआनंद. गूगलवर ‘site:’ लिहून आमचं डोमेन शोधायचं आणि वर येणाऱ्या आकड्याचा स्क्रीनशॉट लावायचा. तो आकडा मुळात ढोबळ अंदाज असतो, आणि त्यात सबडोमेनच्या नकलाही मोजल्या जातात. नकला वाढल्या की आकडा वाढला, आलेख चढला. बिलात ‘गूगल इंडेक्सिंग शुल्क, प्रतिपान’ अशी एक ओळ असायची. क्रॉल करायला (पानं वाचत फिरायला) किंवा इंडेक्समध्ये घ्यायला गूगल कुणाकडूनही एक पैसा घेत नाही. दुसरी ओळ ‘इन्स्टंट इंडेक्सिंग एपीआय’. असा एपीआय (प्रोग्रॅममधून थेट गूगलला कळवायची सोय) आहे खरा, पण तो नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाचे व्हिडिओ असलेल्या पानांसाठी. बेअरिंग आणि गॅस्केटची पानं त्यात बसत नाहीत.

पाणी कुठे मुरतंय ते शोधताना एक गोष्ट बराच काळ आडवी आली. सबडोमेनचं कोणतंही पान उघडलं की क्षणात आमच्या मूळ साइटवर यायचो. ब्राउझरची ओळख बदलून गूगलबॉटचं नाव लावलं तरी तेच, कारण त्यांचा सर्व्हर नावाबरोबर आयपीही (यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता) तपासत होता. शेवटी सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत तो पत्ता टाकला आणि ‘क्रॉल केलेलं पान पाहा’ उघडलं. तिथे गूगलला मिळालेलं एचटीएमएल जसंच्या तसं दिसतं, मधे कुणाला लबाडी करता येत नाही. वर भागाचं नाव, मग तेच नाव तऱ्हेतऱ्हेच्या शब्दांना जोडून केलेला भला मोठा परिच्छेद, आणि तळाशी लिंकांची रांग: कर्ज, सट्टा, वजन कमी करण्याच्या गोळ्या. आमच्या डोमेनची पत ते दुसऱ्यांना विकत होते आणि त्याचं बिल आम्हाला लावत होते!

जाब विचारला तेव्हा उत्तर तयार होतं. म्हणे, हे डायनॅमिक रेंडरिंग, २०१८ मध्ये गूगलनेच सुचवलेलं. हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून फरक नीट लक्षात घ्या. डायनॅमिक रेंडरिंगमध्ये माणसाला ब्राउझरमध्ये जो मजकूर दिसतो तोच बॉटला आधी तयार करून दिला जातो. तेसुद्धा गूगल आता तात्पुरती सोय मानतो, त्यापेक्षा सर्व्हरवरच पान तयार करा असं सांगतो. बॉटला एक मजकूर आणि माणसाला दुसरा, याला क्लोकिंग म्हणतात आणि ते स्पॅम धोरणाच्या विरुद्ध आहे. अशी नुसती बॉटसाठी रचलेली, माणसाला पुढे ढकलून देणारी पानं सापडली म्हणून २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने इंडेक्समधून काढली होती. एवढ्या मोठ्या नावाची गय झाली नाही, तिथे कॅटलॉगवाल्यांची काय कथा.

कराराचं नूतनीकरण नाकारलं आणि त्यांनी सर्व्हर बंद केला. आता बघा गंमत: आमची पानं अजून त्या नकलांकडे बोट दाखवत होती आणि नकला एरर देत होत्या. गूगलवरून येणारी चौकशी आटली. ‘प्लगिन आमच्या मालकीचं, लायसन्स संपलं’ म्हणून त्यांनी हात वर केले, आणि पुन्हा चालू करायचा दर आधीपेक्षा जास्त सांगितला. सगळी रचना याच दिवसासाठी केलेली असते. सर्च कन्सोलमध्येही मालक म्हणून त्यांचं खातं, आम्ही फक्त मर्यादित वापरकर्ते. त्या खात्यात सबडोमेनवर क्लोकिंगबद्दल मॅन्युअल ॲक्शनची (गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची) नोटीस येऊन पडली होती आणि रिपोर्टमध्ये तिचा उल्लेखही नव्हता.

इथे एक चांगली बातमी. डोमेनची डीएनएस तुमच्या हातात असेल तर तिथे एक टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) घालून तुम्ही स्वतः मालक म्हणून सिद्ध होऊ शकता, एजन्सीची परवानगी लागत नाही. आम्ही आधी ते केलं. मग प्लगिन उपटलं, कॅनॉनिकल आपल्याच पानांवर आणले, सबडोमेन आपल्या सर्व्हरवर ओढून प्रत्येक नकलेवरून मूळ पानाकडे कायमचा, म्हणजे ३०१, रीडायरेक्ट दिला. वर सांगितलेली खरी दुखणीही तेव्हाच दुरुस्त करून घेतली, आणि त्याचा खर्च एजन्सीच्या बिलांपुढे किरकोळ निघाला. गूगलला केलेल्या पुनर्विचाराच्या अर्जात काय झालं ते न लपवता लिहिलं, कारवाई मागे घेतली गेली. पानं परत येतायत, पण गूगलच्या सवडीने.

अशांपैकी कुणाबरोबर तुमचा करार चालू असेल तर रिपोर्ट बाजूला ठेवून स्वतःच्या एखाद्या पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडा आणि कॅनॉनिकल कुठे जातो ते वाचा. मग तोच पत्ता यूआरएल तपासणीत टाका. सर्च कन्सोलच्या वापरकर्त्यांच्या यादीतून एजन्सीचं नाव नुसतं काढून भागत नाही. त्यांनी मालकी सिद्ध करताना ठेवलेली एचटीएमएल फाइल, मेटा टॅग किंवा डीएनएस रेकॉर्ड जागेवर राहिलं तर त्यांना पुन्हा मालक होता येतं. आमच्या सर्व्हरवर त्यांची अशी एक फाइल रूट फोल्डरमध्ये होती आणि दुसरी खुणेची ओळ जुन्या टेम्प्लेटच्या हेडरमध्ये. दोन्ही शोधून काढाव्या लागल्या.