गाजर दाखवलं, तेही कॅरट बेटावर

मागच्या मे महिन्यात आई-बाबा गुहागरहून आमच्याकडे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात केरीला आले होते. त्यांना शॅकलफर्ड बँक्स दाखवायचंच, हा हट्ट माझा. अटलांटिकच्या कडेला सुमारे नऊ मैल लांबीची वाळूची पट्टी, तिच्यावर ना रस्ता ना घर ना प्यायच्या पाण्याचा नळ, आणि शंभरच्या वर मोकाट घोडे. 1899 च्या वादळानंतर तिथल्या लोकांनी घरं मोडून होड्यांतून पलीकडे नेली, घोडे मात्र राहिले. 1998 पासून तर त्यांच्यासाठी वेगळा कायदाच आहे.

फोनवर एक जाहिरात दिसली. खासगी बोट, माणशी 65 डॉलर, घोडे हमखास. शिवाय 'बेटाचा परवाना' माणशी 15 डॉलर. आम्ही चौघं, म्हणजे 320. अर्धे आगाऊ, तेही 'झेल'नेच, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सेवेने. खरं तर 'परवाना' हा शब्द ऐकूनच मी फोन ठेवायला हवा होता. शॅकलफर्ड केप लुकआउट नॅशनल सीशोर या सरकारी संरक्षित किनाऱ्यात येतं. तिथे प्रवेश फुकट आहे, दिवसभर फिरून यायला परवाना लागत नाही, खर्च फक्त फेरीबोटीच्या तिकिटाचा. अधिकृत फेरीबोट कोणती ते नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर दिलेलं असतं. हे सगळं मी वाचलं, पण घरी परत आल्यावर.

बोफर्ट गावच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि आईचं लाइफ जॅकेट नीट बांधून होईपर्यंत थांबलीसुद्धा. समोर चार घोडे, पोटऱ्यांपर्यंत चिखलात, गवत ओढत उभे. आम्ही खूश. नवऱ्याने उरलेले पैसे तिथेच रोख दिले. बोटवाल्याने हौसेने आमचा फोटोही काढला, स्वतःच्या फोनवर, आणि दोन तासांनी येतो म्हणून गेला.

बाबा मात्र जागचे हलले नाहीत. वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"अगो, हा खाडीचा गाळ. समुद्राची वाळू अशी चिकटते होय? आणि लाट कुठे आहे?"

मी काहीतरी समजावायला लागले, तेवढ्यात आई म्हणाली, "ते पलीकडे आपलंच हॉटेल ना? माझी ओढणी दिसत्ये बघ गॅलरीत."

दिसतच होती. पिवळी.

आम्हाला उतरवलं होतं ते बोफर्टच्या समोरच, अरुंद टेलर्स क्रीकपलीकडे, रेचल कार्सन राखीव क्षेत्रातल्या बेटांवर. घोडे तिथेही आहेत, 1940 च्या दशकात कुणीतरी आणून सोडलेल्यांचे वंशज. गावातल्या फ्रंट स्ट्रीटवर उभं राहिलं तरी कधीकधी फुकटात दिसतात. मराठीत गाजर दाखवणं म्हणतात ना, तेच झालं. त्या बेटांतल्या एकाचं नावही कॅरट आयलंड आहे!

तो परत आल्यावर विचारलं तर खांदे उडवून म्हणाला, घोडे पाहिलेत ना, मग झालं. बँकेत तक्रार केली, तर पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. रोख दिलेल्याची तर पावतीही नव्हती.

कुणी जाणार असाल तर बोट कुठे जाते इकडे लक्ष ठेवा. शॅकलफर्डला जाणारी बोट गाव मागे टाकून समुद्राच्या तोंडाकडे जाते. पश्चिम टोकाला उतरलात तर पाण्यापलीकडे फोर्ट मेकन हा किल्ला दिसतो, आणि वाळूच्या टेकड्या ओलांडल्या की थेट अटलांटिकच्या लाटा. उतरल्यावर गावातल्या घरांच्या खिडक्या मोजता येत असतील तर तिथेच वाद घाला, बोट सोडू नका. आणि घोड्यांना हात लावू देतो म्हणणारा तर उघडच लबाड समजा. 50 फुटांच्या आत जायला मनाई आहे.

परवा कुतूहल म्हणून ती जाहिरात पुन्हा उघडली. फोटो बदललाय. आई, बाबा, मी, नवरा आणि मागे चार घोडे, खाली लिहिलंय: शॅकलफर्डवर आमचे समाधानी पाहुणे. बाबांच्या मुठीत अजून तो गाळ आहे.