झणझणीत नूडल्स सूप: गाडीवरचं, पाकिटातलं की थुकपाच्या दुकानातलं?

लातूरची भाची जानेवारीत परीक्षेसाठी संभाजीनगरला येतेय. मुक्काम तीन दिवसांचा, मोकळी संध्याकाळ एकच. "मामा, नूडल्सचं सूप खायचंय. नाकातून पाणी आलं पाहिजे असं. कुठं जाऊ?" मला सुचल्या तीन जागा: चायनीजच्या गाडीवरचं मंचाव, कोरियन रामेनचा, म्हणजे तिकडच्या झटपट नूडल्सचा कॅफे आणि सिडकोतलं थुकपाचं एक छोटं दुकान. तिन्हीकडं मी खाल्लंय, थुकपाच्या दुकानात तर हा माझा तिसरा हिवाळा. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी माझी पारख कशावर, ते सांगतो. आमच्याकडं लग्नात येसर आमटी वाढली की आजी पहिला भुरका मारून निकाल द्यायची. एकदा म्हणाली, "तिखट हाय, पण खाली काहीच न्हाई." येसरात भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाला असतो. तो चांगला जमला की मिरचीच्या खालीही चव लागते, आणि जीभ भाजली तरी हात पुन्हा वाटीकडं जातो. नूडल्स सूपही मी त्याच निकषावर तोलतो.

गाडीवरचं मंचाव नावानं चिनी असलं तरी ते भारतातल्या चायनीज स्वयंपाकातलं. रंग सोया सॉसचा, दाटपणा कॉर्नफ्लोअरचा, तिखटपणा हिरव्या मिरचीचा नाहीतर शेजवान चटणीचा. वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स. त्या पहिल्या दोन मिनिटांत खाल्ल्या तरच मजा, नंतर त्यांचा लगदा होतो. थंडीत चार मित्र गाडीभोवती उभे आहेत, कढईखालचा जाळ फुरफुरतोय, अशा वेळी हे सूप मला मनापासून आवडतं. पण तीच गाडी, तोच माणूस, तरी आज एक चव आणि उद्या दुसरी. एका गाडीवर कॉर्नफ्लोअर कच्चं राहून सगळं सूप पिठूळ लागलं होतं. शाकाहारी असाल तर पळी आणि कढई वेगळी आहे का, हे आधी विचारा.

कोरियन कॅफेचं थोडक्यात. झटपट नूडल्स जपानात मोमोफुकू आंदो यांनी १९५८ मध्ये आणल्या, कोरियात त्या १९६३ पासून बनू लागल्या. आता त्यांचा तिखटपणा इतका वाढलाय की २०२४ मध्ये डेन्मार्कनं अशा तीन प्रकारच्या नूडल्स बाजारातून परत मागवल्या होत्या. तिखटच हवं असेल तर ते इथं भरपूर आहे. बसायला जागा चांगली, गप्पांना निवांतपणा. पण मसाला पाकिटातला. तेच पाकीट लातुरातही मिळतं, घरी उकळून वर अंडं फोडलं की झालं. त्यासाठी एकुलती एक संध्याकाळ कशाला घालवायची?

आता थुकपा. हे तिबेटी नूडल्स सूप, लडाख, सिक्कीम, दार्जिलिंगकडं घरोघरी होतं. आमच्या या दुकानात दोन पातेली सकाळपासून मंद आचेवर असतात. एकात कोंबडीची हाडं, दुसऱ्यात मुळा, गाजर, कांदा, आलं, लसूण. दोन्हींच्या पळ्या वेगळ्या. नूडल्स ऑर्डर दिल्यावरच उकळतात, वाडग्यात घालतात आणि वरून रस्सा ओततात. म्हणून वीस मिनिटं थांबावं लागतं. बाकं चारच. गाडीवर दोन मंचाव येतील तेवढ्या पैशात इथं एक वाडगा येतो, पण तो जेवणाच्या जागी पुरतो.

तिखट मात्र वाडग्यात नसतं. लाल मिरचीचं तेल टेबलावर वाटीत ठेवलेलं असतं, हवं तेवढं आपण घ्यायचं. मला हे फार पटतं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून तर आपल्या रश्शाचा झणका तर्रीत उतरतो, आणि म्हणूनच जीभ पोळल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, दूध किंवा दही लागतं. मी आधी दोन चमचे रस्सा कोराच पितो. मुळ्याचा किंचित उग्र गोडवा आणि मागून येणारं आलं कळलं की मग तेल. दोन चमचे तेलावर माझ्या कपाळाला घाम येतो, तरी रश्शाची चव मिरचीखाली दबत नाही. आजीनं इथं तक्रार केली नसती.

मागच्या वर्षी आईला नेलं होतं. तिच्यासाठी थेनथुक मागवलं. त्यात लांब नूडल्स नसतात, कणकेचे चपटे तुकडे हातानं तोडून रश्शात सोडतात. पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "ही तर वरणफळंच की रे, वरण तेवढं न्हाई." त्यानंतर दोनदा तिनंच आठवण काढली, आणि आम्ही गेलो.

तेव्हा घाई असेल, चारपाच जण असतील, खिशात बेताचेच पैसे असतील तर गाडीवर जा, आणि जिथं गर्दी हटत नाही तीच गाडी निवडा. कोरियन नूडल्स घरीच करा. आणि भाचीसारखी एकच संध्याकाळ असेल तर थुकपा.

आठच्या आत पोचायला हवं. रस्सा संपत आला तरी ते त्यात पाणी वाढवत नाहीत, शटर अर्धं खाली ओढतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र त्या लाल तेलाला हात लावू नको, असं भाचीला बजावलंय. पेपर झाल्यावर ये म्हटलं, साडेसातला मी दुकानासमोर उभा असेन.