वाळूजजवळची सदनिका : किंमत परवडली, पाणी नाही

छत्रपती संभाजीनगरात घर आवाक्याबाहेर गेल्याने आम्ही वाळूजजवळच्या एका गृहप्रकल्पात, बांधकाम सुरू असतानाच, सदनिका घेतली. विक्री कार्यालयाने आधी ५ टक्के जीएसटी सांगितला. परंतु ४५ लाखांपर्यंतच्या आणि महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्रफळ असलेल्या परवडणाऱ्या घराला १ टक्काच लागतो, हे दाखवल्यावर हिशेब निमूटपणे दुरुस्त झाला. बांधकाम नीटनेटके आहे. पुणे रस्ता जवळ असल्याने शहरातील कार्यालय गाठणे सोपे वाटते, मात्र कारखान्यांची पाळी सुटताना हाच रस्ता तुंबतो. खरी अडचण पाण्याची आहे : मार्चअखेर बोअर आटते आणि टँकरचे पैसे देखभाल शुल्काव्यतिरिक्त मोजावे लागतात, जे घर दाखवताना कोणीही सांगितले नव्हते. (आम्ही पावसाळ्यात घर पाहिले, ही चूक आमचीच.)