बोन ग्राफ्टचं हाड कंबरेतून घ्यावं की हनुवटीतून?

पोराच्या जन्मतः दुभंगलेल्या ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन झालंय आणि आता आठव्या-नवव्या वर्षी डॉक्टर हिरडीतली फट हाडाने भरायची म्हणतायत, अशा आईबापांसाठी लिहितोय. ग्राफ्ट कशाला आणि वरचा सुळा यायच्या आतच का, हे तुम्हाला सांगितलेलं असेलच. घोडं अडतं ते हाड काढायचं कुठून यावर.

आम्हाला दोन्ही पर्याय दिले होते. सुरुवातीला आमचा दोघांचा कल हनुवटीकडेच होता, तोंडाच्या आतूनच काढतात, बाहेर व्रण नाही, पोरगं लगेच चालायला मोकळं, आणि कंबरेचं नाव काढलं की आजीच्या डोळ्यांना धारा.

पण एक गोष्ट खटकली ती खटकलीच. संमतीच्या फॉर्मवर दोन्ही जागा लिहिलेल्या! का, तर हनुवटीतून हाड निघतं थोडंसंच, आमच्याकडे फट दोन्ही बाजूंना, मग कमी पडलं तर टेबलावरच कंबरेतूनही काढणार. म्हणजे एकीच्या जागी दोन जखमा. त्यात या वयात खालचे कायमचे सुळे बहुतेक वेळा हनुवटीच्या हाडातच असतात, त्यांना धक्का लागू नये म्हणून सर्जनलाही हात आखडता घ्यावा लागतो. वरच्या सुळ्यासाठी खालचा पणाला लावायचा हे मला तरी पटेना.

कंबरेचा त्रास नाही असं नाही हं. आमचा पठ्ठ्या बरेच दिवस लंगडत होता, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी आडवा उतरायचा, चड्डीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर यायचं म्हणून घरभर माझा टी-शर्ट घालून फिरायचा. पण आतलं मऊ, स्पंजसारखं हाड भरपूर मिळालं, दोन्ही फटी एकदमच भरल्या आणि पुढे सुळे त्यातूनच खाली आले.

(कुणी बीएमपी, म्हणजे नवं हाड तयार करवणारं प्रथिन, सुचवेल, की हाड काढायलाच नको. अमेरिकेत २००७ साली जबड्यासाठी त्याला परवानगी मिळाली खरी, पण ती मोठ्यांसाठी, वाढत्या वयाच्या पोरांसाठी नाही. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही.)

फट एकाच बाजूला, बारीक असेल आणि खालचे सुळे येऊन गेले असतील तर हनुवटीला माझी ना नाही, स्कॅन बघून डॉक्टर काय म्हणतात ते महत्त्वाचं. फक्त सही करायच्या आधी एवढं विचाराच, हाड पुरलं नाही तर पुढे काय?