कललेलं झाड: कलाकडे पाडावं, उलट ओढावं की वरून उतरवावं?

आधी ओळंबा घ्या. झाडापासून लांब उभं राहून दोरी डोळ्यासमोर धरा आणि डेऱ्याचा मध्य बुंध्याच्या मध्यापासून किती बाहेर गेलाय ते पाहा. मग काटकोनात जाऊन दुसऱ्या बाजूनंही पाहा. कोणत्या पद्धतीनं पाडायचं, ते बरंचसं या अंतरावर ठरतं.

कलाच्या बाजूला मोकळं रान असेल तर झाड तिकडेच पाडा. हेच सर्वांत स्वस्त, पण यातच माणसं जास्त फसतात. कललेल्या खोडाच्या पाठीकडचे तंतू ताणलेले असतात. पाठीमागून सरळ कापत गेलात तर बिजागरी (पुढची खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता राखलेलं लाकूड, ज्यावर झाड वळत पडतं) पातळ व्हायच्या आधीच झाड निघतं, खोड उभं फाटतं आणि फाटलेली फळी कापणाऱ्याच्या छातीवर उसळते. म्हणून 40 सेंमी खोडाला कलाच्या बाजूनं 8 ते 10 सेंमीच खोल खाच घ्या. खाचेमागे 4 सेंमी बिजागरी राखून चेन सॉ बाजूनं आरपार घुसवा आणि मागं कापत या, पण पाठीचा 6 ते 8 सेंमी पट्टा तसाच ठेवा. सॉची पट्टी (जिच्याभोवती साखळी फिरते ती) घुसवताना टोकाच्या खालच्या अर्ध्या भागानं सुरुवात करा. वरचा भाग लाकडाला लागला तर सॉ तोंडाकडे उसळतो. पळवाट मोकळी आहे ना हे पाहून, बाजूला उभं राहून पट्टा शेवटी मागून तोडा. झाडाच्या दुप्पट उंचीइतक्या अंतरात दुसरं कुणी नको.

कलाकडे घर असलं की ट्रॅक्टरनं उलट ओढायचा विचार हमखास निघतो. कल थोडा असेल तरच तो चालतो. गणित बघा: 15 मीटर उंच झाड, मागच्या कापात ठोकलेली पाचर बिजागरीपासून 36 सेंमीवर, तर 2.5 सेंमी जाडीची पाचर शेंडा जेमतेम एक मीटर सरकवते. दोर साधारण दोन तृतीयांश उंचीवर बांधा, खाच घेण्याआधीच ताणून घ्या, आणि तो झाडाच्या उंचीपेक्षा बराच लांब हवा. भिजलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टरची चाकं फिरली की दोर सैल पडतो, झाड मागं बसतं आणि सॉ अडकतो. झटका दिला तर बिजागरी तुटून झाड घरावर. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्याच्या बिजागरीवर अशी भिस्त ठेवू नये. ट्रॅक्टर घरचा आहे एवढ्यावरून ही पद्धत निवडू नका.

कल जास्त असेल, जवळ तार किंवा छप्पर असेल, तर झाड वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवा. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, तरी इथे दुसरा पर्याय नाही. मात्र कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकल्यावर खोड पोकळ वाजलं किंवा कलाच्या उलट बाजूला माती उचलून भेगा पडल्या असतील तर वर माणूस चढवू नका. पंचगंगेच्या पुरानंतर काठावरची झाडं अशी हमखास दिसतात. तिथं क्रेन मागवा. ताराजवळ काम असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय फांदीलाही हात लावू नका.

कोल्हापूर शहरात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गावाकडे बांधावरचा आंबा, फणस, साग तोडायचा तर 1964 चा वृक्षतोड कायदा लागू होतो. क्रेन ठरवण्याआधी अर्ज द्या.