मोफत ऑनलाइन साधने : फळ्यापाशी उभे राहून केलेली पारख

शिक्षक होण्याच्या तयारीत असलेल्या व्यक्तीला मोफत साधनांची टंचाई कधी भासत नाही. अडचण येते ती निवडीची. याद्या लांबलचक असतात, त्यांत तीच नावे वेगवेगळ्या क्रमाने येतात, आणि बहुतेक परीक्षणे शिक्षकाच्या पडद्यावर काय काय दिसते एवढे सांगून थांबतात. सराव पाठांसाठी साधने निवडताना मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, साधन सुरू झाल्यावर विचार करण्याचे काम कोणाकडे जाते, विद्यार्थ्याकडे की यंत्राकडे? आणि दुसरा असा की, ही सेवा उद्या बंद झाली तर माझ्या हाती काय उरेल? दिसायला देखणी असलेली बरीच साधने पहिल्याच प्रश्नाला गळतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने मी या आढाव्यात घेतलेली नाहीत, कारण त्यांना लावायचे निकष वेगळे आहेत.

सुरुवात फेट (PhET) या आभासी प्रयोगांच्या संग्रहापासून करते, कारण या दोन्ही प्रश्नांना इतके सरळ उत्तर देणारे दुसरे साधन मला आढळले नाही. भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वाइमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संकुलात हा प्रकल्प सुरू केला. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूविज्ञान आणि गणित या विषयांची दीडशेहून अधिक आभासी प्रयोगसाधने त्यात आहेत. ती चालवण्यासाठी खाते उघडावे लागत नाही, विद्यार्थ्याचे नाव कुठे नोंदवावे लागत नाही, आणि अनेक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. नव्या तंत्रावर बेतलेले प्रयोग फाइलच्या रूपात उतरवून घेता येतात व ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात, त्यामुळे पाठाच्या ऐन वेळी नेट गेले तरी टाचण बदलावे लागत नाही.

यातला विद्युत परिपथ बांधण्याचा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. पडद्यावर बॅटरी, दिवा, तार, कळ आणि रोधक मांडलेले असतात. ते ओढून जोडायचे, आणि परिपथ पूर्ण झाला की दिवा लागतो व तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसू लागतात. बॅटरीची दोन टोके एकाच तारेने थेट जोडली की ज्वाळा उठतात. खऱ्या बॅटरीच्या बाबतीत शिक्षक जे करू नका म्हणून बजावतो, ते इथे प्रत्येक विद्यार्थ्याला करून बघता येते, आणि 'असे का झाले' हा प्रश्न फळ्याकडून न येता बाकावरून येतो. याच प्रयोगात पेन्सिल, नाणे, नोट अशा वस्तू परिपथात बसवता येतात. कोणती वस्तू जोडल्यावर दिवा लागेल याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा आणि मगच पडद्याला हात लावू द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. हा क्रम उलटा झाला तर उरते ती निव्वळ गंमत.

तरीही फेटला प्रयोगशाळेची जागा देणे चुकीचे ठरेल. इथली जोडणी कधी सैल पडत नाही, तारेच्या टोकावर गंज चढत नाही, दिवा फुटत नाही. शिवाय पडद्यावर ठळक गोळ्यांसारखे सरकणारे इलेक्ट्रॉन पाहून विद्यार्थ्याच्या मनात एक चुकीचे चित्र पक्के बसू शकते. नेहमीच्या वापरातील तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी असतो. दिवा लगेच लागतो याचे कारण असे की, परिपथ जोडताच विद्युत क्षेत्र जवळजवळ त्याच क्षणी सगळीकडे प्रस्थापित होते आणि सगळे इलेक्ट्रॉन एकदमच सरकू लागतात. हे सांगायला शिक्षकच लागतो. पडद्यावरचे चित्र ते आपणहून सांगत नाही.

गणितासाठी जिओजिब्रा (GeoGebra) या संगणकप्रणालीला पर्याय शोधण्याची गरज मला वाटली नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात २००१ साली पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून ते बनवायला घेतले, आणि व्यावसायिक वापर वगळता ते आजही मोफत आहे. भूमिती, बीजगणित आणि आलेख एकाच ठिकाणी येतात, हा त्याचा नेहमी सांगितला जाणारा गुण. माझ्या मते त्याची खरी ताकद आकृती ओढता येण्यात आहे. विद्यार्थ्याला चौरस काढायला सांगितले की तो बहुधा चार बिंदू अंदाजाने मांडून रेषा जोडतो, आणि दिसायला तो चौरसच असतो. मग एक कोपरा ओढायला सांगावे; आकृती लगेच वेडीवाकडी होते. लंब आणि वर्तुळ वापरून रचलेला चौरस मात्र कसाही ओढला तरी चौरसच राहतो, फक्त लहानमोठा होतो किंवा फिरतो. चौरस 'दिसणे' आणि चौरस 'असणे' यांतला हा फरक फळ्यावर खडूने दाखवणे फार कठीण आहे, कारण फळ्यावरची प्रत्येक आकृती मुळात अंदाजानेच काढलेली असते.

जिओजिब्राची एक खोड मात्र पाठाआधी माहीत असलेली बरी. पडद्यावरचे माप ठरावीक दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करून दाखवले जाते. समजा त्रिकोणाचे कोन प्रत्यक्षात ५२.३३६, ६१.२२७ आणि ६६.४३७ अंश आहेत. त्यांची बेरीज बरोबर १८० येते. दोन दशांश स्थळांपर्यंत ते ५२.३४, ६१.२३ आणि ६६.४४ असे दिसतील, आणि वहीत बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्याला १८०.०१ हे उत्तर मिळेल. तयारी नसलेला छात्राध्यापक इथे गडबडतो. तयारी असलेल्याला हा प्रसंग आयताच मिळालेला दुसरा पाठ आहे, कारण मोजून मिळालेले उत्तर आणि सिद्ध केलेले उत्तर यांतली तफावत विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या आकडेमोडीतून समोर आलेली असते. ज्यांना हा फाटा नको असेल त्यांनी दशांश स्थळांची संख्या आधीच बदलून ठेवावी.

गूगल फॉर्म्स बहुतेकांना माहितीसंकलनाचा अर्ज म्हणून परिचित आहे. चाचणीची सोय त्यात २०१६ साली आली. उत्तरे आपोआप तपासली जातात आणि गुण तक्त्यात जमा होतात, हे सगळेच सांगतात. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेली सोय म्हणजे उत्तरानुसार पुढचा विभाग बदलणे. १/२ + १/३ ही बेरीज घ्या. पर्यायांत ५/६ या बरोबर उत्तरासोबत २/५ आणि १/६ ठेवले, तर २/५ निवडणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे आणि १/६ निवडणाऱ्याने बेरजेऐवजी गुणाकार केला आहे, हे कळते. या दोघांना एकच स्पष्टीकरण देऊन उपयोग नाही. फॉर्ममध्ये प्रत्येक पर्यायासाठी वेगळा विभाग जोडता येतो, म्हणजे पहिल्याला समान छेदाची आकृती दिसेल आणि दुसऱ्याला चिन्हाकडे लक्ष वेधणारा छोटा प्रश्न. असा फॉर्म रचायला वेळ लागतो, डोके चालवावे लागते, आणि चुकीचे पर्याय विचारपूर्वक निवडण्याची सवय लागते. ही सवय साधनापेक्षा जास्त टिकते.

लघुत्तरी प्रश्नांच्या बाबतीत मात्र फॉर्म्सवर विसंबू नये. यंत्र अक्षरशः जुळवणी करते. 'वनस्पती' हे उत्तर नोंदवले असेल आणि विद्यार्थ्याने 'वनस्पति' लिहिले, तर आशय बरोबर असूनही गुण जातो. इंग्रजी अंकांत लिहिलेले बारा आणि देवनागरीतले १२ ही त्याच्या लेखी दोन निरनिराळी उत्तरे आहेत. मान्य होणारी सगळी रूपे आधी भरून ठेवता येतात, पण मराठीतील ऱ्हस्व-दीर्घाचे इतके प्रकार डोळ्यांसमोर आणण्यापेक्षा ती उत्तरे हाताने तपासणे सोपे पडते. शुद्धलेखनाचीच चाचणी असेल, तर हा दोष अर्थात गुण ठरतो.

प्लिकर्स हे या सगळ्यांत अनपेक्षितपणे आवडलेले साधन. यात फोन लागतो तो फक्त शिक्षकाकडे. विद्यार्थ्यांच्या हाती कागदावर छापलेले एकेक कार्ड असते, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची खूण असते आणि कार्डाच्या चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे असतात. निवडलेला पर्याय वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते नोंदले जाते. प्रत्येकाच्या कार्डावरची खूण वेगळी असते आणि अक्षरे बारीक असतात, त्यामुळे शेजाऱ्याचे कार्ड पाहून आपले फिरवण्याचा मोह आपोआप आवरतो. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे. छापताना चकचकीत आवरण घालू नये, कारण प्रकाश परावर्तित होऊन खूण वाचली जात नाही. आणि कार्ड कडेला धरायला शिकवावे, कारण खुणेवर बोट आले की कॅमेरा ते कार्ड वगळतो. प्रश्न बहुपर्यायी किंवा चूक-बरोबर एवढेच विचारता येतात. ही मर्यादा मोठी आहे, पण पाठाच्या मध्यावर 'समजले का?' असे विचारून माना डोलावून घेण्यापेक्षा यातून मिळणारी माहिती किती तरी भरवशाची असते. कार्डांना विद्यार्थ्यांची पूर्ण नावे जोडण्याची गरज नाही. हजेरी क्रमांक पुरतो, आणि ज्या वर्गावर आपण पाहुणे आहोत तिथे नावे बाहेरच्या सेवेत भरण्याचा अधिकार आपल्याला नसतोही.

कहूटबद्दल माझे मत बहुसंख्यांपेक्षा थोडे निराळे आहे. नॉर्वेतून २०१३ साली आलेली ही प्रश्नमंजूषा वर्गात चैतन्य आणते यात वाद नाही. संगीत सुरू होते, रंगीत चौकटी झळकतात, शेवटी विजेत्यांचा मंच उभा राहतो. पण तिच्या मूळ गुणपद्धतीत वेगाला मोल आहे. चटकन दिलेल्या बरोबर उत्तराला १००० च्या आसपास गुण मिळतात, तर मुदतीच्या शेवटच्या क्षणी दिलेल्या तितक्याच बरोबर उत्तराला सुमारे निम्मे. सावकाश वाचणारा, प्रश्न दुसऱ्यांदा वाचून खात्री करणारा विद्यार्थी इथे मागे पडतो, आणि तो मागे पडला हे सगळ्या वर्गाला दिसते. प्रश्नाची मुदत चार मिनिटांपर्यंत वाढवता येते आणि हवे तर गुणही बंद करता येतात. हे दोन्ही केले की साधन वापरण्याजोगे होते, फक्त त्याची झिंग उतरते. नवीन घटक शिकवताना मी ते वापरणार नाही. पाठांतराची उजळणी असेल, तर हरकत नाही. मोफत खात्यात एका वेळी किती जण भाग घेऊ शकतात यावर मर्यादा आहे व ती वेळोवेळी बदलत आली आहे, तेव्हा पटसंख्या पाहूनच पाठात त्याची योजना करावी.

पॅडलेट म्हणजे सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या लावायची भिंत. भाषेच्या तासाला शब्दसंग्रह करण्यास किंवा कवितेतील एकेका ओळीवर प्रतिक्रिया घेण्यास ते सोयीचे आहे. मोफत खात्यात मोजक्याच भिंती मिळतात, म्हणून जुनी पुसून नवी करावी लागते. चिठ्ठी शिक्षकाच्या मंजुरीनंतरच दिसावी अशी सोय त्यात आहे आणि ती पहिल्या मिनिटापासून सुरू ठेवावी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. मोफत साधनांच्या याद्या वाचताना एक गोष्ट सतत जाणवते : त्यांतली काही नावे हयातच नाहीत. वर्गासाठी समाजमाध्यमासारखी चालणारी एडमोडो ही सेवा २००८ पासून चालू होती, ती सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाली. गूगलचा जॅमबोर्ड हा आभासी फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी मिटला. विद्यार्थ्यांचे छोटे व्हिडिओ गोळा करणारे फ्लिप २०२४ मध्ये स्वतंत्र सेवा म्हणून संपले. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे तंत्र मोडीत निघाले, तेव्हा त्यावर बेतलेली असंख्य शैक्षणिक चलत्चित्रे एका रात्रीत निरुपयोगी झाली. फेटचे जुने प्रयोगही त्याच तंत्रावर किंवा जावा (Java) या दुसऱ्या तंत्रावर होते, पण त्यांनी ते टप्प्याटप्प्याने नव्याने लिहून काढले. क्विझिझ या प्रश्नमंजूषेच्या सेवेने तर २०२५ मध्ये नावच बदलले. ती सेवा आता वेग्राउंड म्हणून ओळखली जाते, आणि जुन्या टाचणांत लिहिलेले नाव शोधणाऱ्याची उगाच धांदल होते.

यामागचे कारण गूढ नाही. विद्यापीठाच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पाला वापरकर्त्याकडून पैसे कमवायचे नसतात. गुंतवणुकीवर चालणाऱ्या कंपनीला आज ना उद्या कमवावेच लागतात, आणि ते जमले नाही की मोफत सुविधा आकसतात किंवा दुकान बंद होते. म्हणून साधन निवडताना मी 'उतरवून घ्या' हा पर्याय सर्वांत आधी शोधते. जिओजिब्राची रचना फाइल म्हणून जपता येते, फॉर्म्समधील प्रतिसाद तक्त्याच्या रूपाने बाहेर काढता येतात, फेटचे सांगितलेच आहे. जिथे प्रश्नपेढी आतच अडकून पडते, तिथे प्रश्न आधी स्वतःच्या साध्या दस्तऐवजात लिहावेत आणि मग तिकडे चिकटवावेत. काम थोडे वाढते, पण वर्षभर रचलेले प्रश्न दुसऱ्याच्या मर्जीवर राहत नाहीत.

भावी शिक्षकांना आणखी एक पेच पडतो, तो कॅन्व्हासारख्या सेवांचा. तक्ते, कार्यपत्रिका आणि भित्तिपत्रके करण्यासाठी कॅन्व्हा उत्तम आहे, आणि शाळांतील शिक्षकांसाठी असलेली त्याची शैक्षणिक आवृत्ती पूर्ण मोफत आहे. परंतु ती मिळवण्यासाठी आपण शिक्षक असल्याचा पुरावा द्यावा लागतो. प्रशिक्षण घेत असलेल्याकडे असा पुरावा सहसा नसतो. तोवर सर्वसाधारण मोफत खात्यावर भागवावे लागते, काही चित्रे कुलूपबंद दिसतात, आणि ती डोळ्याआड करण्याची सवय करावी लागते. सराव पाठाच्या तक्त्याला तसेही दोन रंग आणि मागच्या बाकावरून वाचता येईल एवढे अक्षर पुरेसे असते.